पायरीवरचे थोरले

मंगळवारी सकाळी हे क्लोनडॉकिनला ऑफिसात गेले. जेवणाच्या सुट्टीआधी तिथून फोन आला. दुपारी इस्पितळात नर्सनं यांचं घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात दिला. संध्याकाळी घराची बेल वाजली. मी दार उघडलं.

"इज हिमसेल्फ इन?"

मी "नाही" म्हणाले.

"ग्रँड. मग आम्ही शनिवारी येतो." एवढं बोलून ते दोघं तरुण मिशनरी वळले आणि पुढच्या घराकडे गेले. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

अशी जोडी तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. पांढरा शर्ट, टाय, गडद कोट, छातीवर नावाची काळी पट्टी. मॉर्मन पंथाची ही तरुण मुलं दोन वर्षं घर सोडून धर्मप्रचारासाठी परक्या देशात दारोदार फिरतात. लोक पडद्याआडून त्यांना बघतात आणि घरात कुणी नसल्यासारखे गप्प बसतात. आमच्या ओंगारमध्येही तसंच होतं. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ तेवढे दार उघडायचे, तेही "आज नको, पोरांनो" एवढंच म्हणण्यापुरतं. जन्मभर बस चालवलेले गृहस्थ ते. दार लावायची पद्धतही बसच्या दारासारखीच.

आमच्या यांनी मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच दोघांना आत घेतलं. पट्टीवर 'एल्डर' आणि पुढे आडनाव होतं. एल्डर म्हणजे थोरला. हा थोरला जेमतेम एकोणीस वर्षांचा, कानांपर्यंत लाल होणारा, अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला. "या थोरले, बसा," हे म्हणाले आणि तेच नाव पडलं. त्याला अर्थ सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, "घरी मी पाचांतला धाकटा आहे, सर."

त्यांचा नियम असा, की घरात बाईमाणूस एकटं असेल तर उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून प्रत्येक दाराशी पहिला प्रश्न तोच. 'ग्रँड' म्हणजे इथल्या आयरिश बोलीत ठीक, आणि 'हिमसेल्फ' म्हणजे घरधनी. हा शब्द थोरल्यांनी त्यांच्या घरमालकिणीकडून उचलला होता आणि अमेरिकन हेल काढून ते तो इतका लांबवत, की आतून हे ओरडायचे, "आहेत, हिमसेल्फ पोहे करताहेत."

शनिवारचे पोहे हेच करायचे, वर नागपुरी तर्री. चहा त्यांना चालत नसे, म्हणून गरम दूध. पहिल्या घासाला थोरल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. जोडीदारानं काळजीनं विचारलं, "ठीक आहेस ना?" थोरले म्हणाले, "धर्माबद्दल बोलायला थोडा वेळ लागेल."

धर्माबद्दल ते बोललेही. हे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचा देव आम्हाला चालेल हो. आमच्या देव्हाऱ्यात एकाची जागा होईल."

"तसं नाही चालत, सर."

"मग पोहे खा."

जोडीदार दर काही आठवड्यांनी बदलायचा. थोरले मात्र उन्हाळाभर राहिले, पानगळीतही राहिले.

यांचं शेजाऱ्यांकडून कळल्यावर थोरले आले ते त्यापुढच्या शनिवारी. दीर अस्थी घेऊन नागपूरला परत गेले होते आणि मी घरात एकटी होते. मी दार उघडलं. थोरल्यांनी काही विचारलं नाही. पायरीवर उभे राहिले, टोपी हातात, कान लाल. मागे जोडीदार जमिनीकडे बघत होता. मग ते म्हणाले, "मॅम, पानं खूप पडली आहेत. झाडू का?"

त्या दिवसापासून आमचं बोलणं पायरीवर होऊ लागलं. मी उंबऱ्याच्या आत खुर्चीवर, अंगावर यांची शाल. ते दोघं बाहेर, दुधाचे पेले धरून. यांचा विषय मी काढला तरच निघायचा. एकदा थोरले म्हणाले, "आम्ही मानतो, कुटुंब पुढेही एकत्र राहतं."

मी म्हणाले, "आमच्यात सांगतात, जीवाला पुढे जाऊ द्यावं, मागे ओढू नये."

त्यांनी विचारलं, "मग मागे राहिलेल्यानं काय करायचं?"

मी पेले घेऊन आत गेले.

तो दोन हजार दहाचा हिवाळा. एवढा बर्फ आम्ही इथे पाहिलाच नव्हता. आणि इथल्या लोकांकडे बर्फ उपसायचं काही नव्हतंही. थोरले बर्फातच वाढलेले. ते समोरच्या म्हाताऱ्यांच्या दाराशी गेले. म्हातारे म्हणाले, "आज नको, पोरांनो."

"देवाचं नाही, सर. खोरं आहे का?"

म्हाताऱ्यांनी शेगडीतला कोळसा ओढायचं खोरं काढून दिलं. दुपारपर्यंत त्यांची वाट, माझी वाट आणि कोपऱ्यापर्यंतचा पदपथ मोकळा झाला. म्हातारे खिडकीत उभे राहून सूचना देत होते. शेवटी दार उघडून म्हणाले, "खोरं समोरच्या मिसेसकडेच राहू दे. पुन्हा लागेल."

नाताळात थोरल्यांना घरी फोन करता आला. वर्षातून दोनदाच करता येतो. काय बोललात, म्हणून मी विचारलं. "आधी आई नि मी, दोघं रडलो, मॅम. मग हवामान. मग आईला पोह्यांचं सांगितलं. तिला वाटतंय मी आजारी होतो."

मी हसले. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा.

तिसऱ्या महिन्याची तिथी जवळ आली, तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तिकडं भटजी कुठून आणशील, बाई. पण एक पान वाढ. त्याच्या हातचं खाल्लेलं कुणी असलं तर त्याले बोलाव."

यांच्या हातचं खाल्लेलं या देशात मला एकच माणूस ठाऊक होतं. यांना पोहे करताना पाहिलेलं कुणी माझ्या टेबलाशी बसावं, एवढंच मला हवं होतं. मी थोरल्यांना बोलावलं. त्यांनी जोडीदाराकडे पाहिलं, मग उंबऱ्याकडे.

"इथे पायरीवर खाल्लं तर, मॅम?"

"बाहेर कावळ्याचं पान ठेवतात," मी म्हणाले. "माणसाला आत वाढतात."

नियम मोडा असं मी म्हणणार नव्हते आणि ते मोडणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच तो शब्द त्यांच्या तोंडून आला. "मी कुणीतरी हिमसेल्फ शोधतो. ग्रँड?"

"ग्रँड," मी म्हणाले.

तिथी गुरुवारी होती. सोमवारी मी दिवसभर शहरात होते. माझा इथे राहण्याचा परवाना यांच्या नोकरीवर होता, त्याची कागदपत्रं करायची होती. गुरुवारी पहाटे उठून मी स्वयंपाक केला. वरण, भात, भाजी, खीर, वडे, आणि पानात नसतात तरीही पोहे. मागच्या भिंतीवर एक पान ठेवलं. इथले कावळे खोळंबत नाहीत. टेबलावर तीन ताटं घेतली, थोरल्यांना, जोडीदाराला आणि ते आणतील त्या गृहस्थाला.

बेल वाजली. दारात समोरचे म्हातारे उभे होते, सुटाबुटात, केस ओले करून विंचरलेले. मागे कुणी नव्हतं.

"युअर मॅन, तो अमेरिकन पोरगा, सोमवारी आला होता," ते म्हणाले. "तुम्ही नव्हतात. त्या दोघांचीही बदली झाली, कालच गेले. कॉर्कला की कुठे. घरात पुरुष असल्याशिवाय त्याला तुमच्याकडे जेवता येत नाही, म्हणून मी येऊन बसावं, असं गेल्या आठवड्यात ठरलं होतं. सोमवारी म्हणाला, मी नसलो तरी तुम्ही जा." त्यांनी टाय सारखा केला. "तर आजचा हिमसेल्फ मी."

मी त्यांना आत घेतलं. ते ताटाशी बसले आणि बाकीच्या दोन ताटांकडे त्यांनी पाहिलं नाही. पोह्यांचा घास घेऊन बराच वेळ खोकले. पाणी प्याले.

"मी तुमच्या मिस्टरांना नुसता हात करायचो, गाडी काढताना," ते म्हणाले. "कसे होते?"

मी सांगू लागले. खीर गार होईपर्यंत सांगत होते. ते चांगले ऐकणारे निघाले. पण यांना त्यांनी पोहे करताना पाहिलं नव्हतं, आणि मी सांगत होते ते खरंच तसं होतं, असं म्हणणारं टेबलाशी कुणी नव्हतं.

पुढच्या शनिवारी नवी जोडी आली. "आपले पती घरी आहेत का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. ते आभार मानून गेले.

थोरले पुन्हा आले नाहीत. त्यांची दोन वर्षं संपून ते केव्हाच घरी गेले असतील. पट्टीवर आडनाव असतं, तेवढं मला माहीत आहे. पहिलं नाव मी कधी विचारलं नाही.

कोळशाचं खोरं आमच्या दाराआड आहे. तसा बर्फ पुन्हा पडलेला नाही.