बंगल्याची घंटा

धानोऱ्याकडच्या त्या जंगल नाक्याची गोष्ट आठवली की आजही मला एकट्याला हसू फुटतं. पन्नासच्या दशकात मी तिकडे ठाणेदार होतो. एका बाजाराच्या दिवशी खबऱ्या आला. "साहेब, चोरीच्या सागवानाच्या गाड्या दिवसाढवळ्या नाक्यावरून जाऊन राह्यल्या, अन् नाकेदार सलाम ठोकून राह्यला."

पाळत ठेवून आम्ही गाड्या पकडल्या. लाकडावर जंगल खात्याचा शिक्का नव्हता. नाकेदाराला ठाण्यात आणलं. त्याची नोकरी तर जाणारच होती, वर तुरुंगही दिसत होता. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवरून हलेना.

"गाड्या का सोडल्या?" मी नाकेदाराला विचारलं.

"बंगल्याहून फोन आला जी."

"जंगल खात्याचे साहेब तर नागपूरला आहेत. बोललं कोण?"

"मले का मालूम? बंगल्याची घंटा वाजली. तिले नाव कोण इचारते?"

खोटं बोलणारा सहसा एखादं नाव तयार ठेवतो. याच्याकडे नावच नव्हतं, म्हणून मला तो खरा वाटला.

जंगल खात्याच्या साहेबांचा बंगला आणि नाका एकाच टेलिफोनच्या तारेवर होते. बंगल्याहून लांब घंटा द्यायची, असा रिवाज. लांब घंटा म्हणजे साहेब, मग बोलणाऱ्याला कोणी हटकत नसे. साहेब नसताना बंगल्यावर असायचा एकटा खानसामा. त्याला दूध-अंडी मागवण्यापुरती टेलिफोनची मुभा होती.

मी माझ्या हवालदाराला नाक्यावर बसवलं. साहेब नागपूरला आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग बंगल्यावर जाऊन मी खानसाम्यासमोरच लांब घंटा दिली आणि भारदस्त आवाजात म्हणालो, "फाटक उघडा!"

"जी साहेब!" पलीकडे टाचा आपटल्याचा आवाज आला.

खानसाम्याचं तोंड उतरलं. "साहेब नसताना एकदा कोंबडी मागवली, त आली जी," तो म्हणाला. "मंग लाकूडवाला ठेकेदार मांगंच लागला." त्याला आणि ठेकेदाराला अटक केली.

नाक्यावर परतलो तर फाटक सताड उघडं, आणि हवालदार अजून ताठ उभा! मी पोट धरून हसलो. नाकेदार सुटला, कामावरही परत लागला. बायकोनं ठाण्याच्या दारातच त्याला यथेच्छ झापलं आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला फार बरं वाटलं.

साहेबांनी नवा नियम केला. ते नाकेदाराला समक्ष एक शब्द सांगून ठेवत. फोनवर तो शब्द सांगितल्याशिवाय फाटक उघडायचं नाही.

पुढे हिवाळ्यात मी साहेबांबरोबर त्या बंगल्यावर मुक्कामाला होतो. आमच्या गाद्यांची बैलगाडी नाक्यावर अडली. साहेबांनी फोन लावला.

"अरे, माझीच गाडी आहे, सोड."

"शब्द सांगा जी."

शब्द साहेब साफ विसरले होते. "माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज त तुमचाच वाटते. पर शब्द नाई त फाटक नाई."

साहेब लालबुंद झाले, मग माझ्याकडे पाहून खो खो हसत सुटले.

हुकूम पाळणारे मला नोकरीभर भेटले. हुकूम देणारा कोण, हे विचारणारा माणूस खात्यानं जपून ठेवावा, एवढं मी या प्रकरणात शिकलो. त्या रात्री आम्ही दोघं उघड्या खाटांवर झोपलो. पाठीवर दोरीचे वळ उठले, पण इतकी गाढ झोप मला क्वचितच लागली असेल.