नेपाळचा रुसवा

खुशालरावांची आणि माझी भिंत एकच. त्यामुळे त्यांच्या घरातली गोष्ट कधीकधी त्यांच्याआधी मला कळते. शेती हिवरखेडला, बिऱ्हाड अकोल्यात जुन्या शहरात, आणि खरी ख्याती तिसऱ्याच कामाची: लग्नातले रुसवे काढणं. तेल्हाऱ्यापासून अमरावतीपर्यंत कुठंही वरबाप पंगतीवरून उठो, नाहीतर मामा मांडवाबाहेर जाऊन बसो, वधूकडचा माणूस धापा टाकत आमच्या गल्लीत येणार. खुशालराव फेटा बांधत निघणार आणि मामाला जिलबी खाताना सोडून परत येणार.

"करता काय तुम्ही नेमकं?" मी एकदा विचारलं होतं.

"काई नाई. रुसलेल्या मानसाले काई देऊ नाई, भौ. त्याच्यापाशी मांगावं. देल्लं का तो आनखी फुगते. मांगतलं का उठते."

असा हा माणूस स्वतःच रुसून बसला होता, आणि तोही सख्ख्या व्याह्यावर! व्याही, आमच्याकडं इवाई, म्हणजे मोर्णा नदीपलीकडचे भगवंतराव. त्यांनी धाकट्या मुलाच्या लग्नाचं बोलावणं गड्याच्या हाती धाडलं. स्वतः आले नाहीत म्हणून खुशालराव लग्नाला गेले नाहीत. ते आले नाहीत म्हणून भगवंतरावांनी बोलणं टाकलं. आणि मध्ये सापडली वच्छला, खुशालरावांची लेक. दिवाळीला माहेरी आली ती आलीच. न्यायला कोणी येईना, आणि आपण होऊन पाठवली तर खुशालरावांचं नाक खाली होणार! पोरीनं ट्रंक रिकामी केली म्हणून नाही. लागेल ते लुगडं काढायची, धुऊन वाळवून परत ट्रंकेत. तिचा नवरा वसंत सायकलवरून गल्लीतून जायचा, घंटी वाजवायचा, पण बापाच्या धाकानं थांबायचा नाही. घंटी वाजली की वच्छला दारात, आणि आमची ही खिडकीत. मी? मी तर आधीपासूनच ओट्यावर.

त्रेसष्ट साल उजाडलं होतं. चीनची लढाई नुकतीच थांबलेली, पानठेल्यावर जो तो सेनापती झालेला. अशात बातमी आली: पारसचं नवं वीजघर बघायला शेजारच्या देशांचे साहेब येणार! नेपाळचे, ब्रह्मदेशाचे, सिलोनचे. शेजाऱ्यांनी वीज मिळून करावी, वाटून घ्यावी, सीमेवरही एकमेकांच्या हाकेला ओ द्यावी, असा काही मसुदा संध्याकाळी अकोल्याच्या विश्रामगृहात बसून ठरवायचा होता. आणि दुपारी पाहुण्यांना हुरडा! कुणाच्या शेतात? बाळापूर रस्त्यावर, भगवंतरावांच्या.

त्या दिवशी ऐन दुपारी गल्लीत जीप शिरली. कोंबड्या उडाल्या, बायका दारात आल्या. जीपमधून उतरला वसंत, घामाघूम.

"मामाजी, चला लवकर!"

खुशालराव अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "कोनं बलावलं?"

वसंत अडखळला. बापानं बजावून धाडलं होतं, खुशालराव पायजेत, पन मी बलावलं असं म्हनायचं नाई. पोरगं हुशार निघालं.

"नेपाळनं बलावलं."

अडकित्ता थांबला.

"नेपाळचे साहेब रुसून बसले, मामाजी. दिल्लीचे साहेब वीजघरात त्यायले म्हने, काळजी करू नका, आम्ही देऊ तुम्हाले वीज. तवापासून त्यायनं तोंड नाई उघडलं. हुरड्याले हात नाई लावला. जीपमंदी बसून हायेत. संध्याकाळची बैठकबी होत नाई आता!"

खुशालराव उभे राहिले. "देशाचा मामला हाये. याच्यात इवायाचा काई संबंध नाई." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी समजले ना?"

"समजलो," म्हणत मी त्यांच्याआधी जीपमध्ये बसलो.

वच्छलेनं फेटा आणून दिला. "बाबा, दूरचा रुसवा काढाले चालले. जवळचाबी पाहाजा." वसंत तिकडे चाकाची हवा बघत होता. हवा चांगली भरलेली होती.

शेतात जाऊन बघतो तर काय! भगवंतरावांनी ज्वारीच्या उभ्या पिकात टेबल-खुर्च्या मांडलेल्या, पांढऱ्या चादरी, बश्या, चमचे! हुरडा चमच्यानं! आणि तो भाजायची गोवऱ्यांची आगटी एका बाजूला नुसती धुमसतेय. सगळे साहेब ताठ बसलेले, दिल्लीचे साहेब घड्याळ बघताहेत, आणि कडेच्या जीपमध्ये राजभंडारी नावाचे नेपाळी इंजिनियर, काळी टोपी, डोळे आभाळाकडे. भगवंतरावांनी खुशालरावांना पाहिलं आणि पाठ फिरवली. खुशालरावांनीही फिरवली. पाठीला पाठ लावून उभे!

खुशालराव जीपपाशी गेले, खाली धुऱ्याच्या बांधावरच बसले. काय झालं म्हणून विचारलं नाही की जेवा म्हणून आग्रह केला नाही.

"साब, एक मदत होना. ये आगटी हमारे से जमती नहीं. हवा इधर की उधर हो रई. आप पहाड के आदमी, आप को आग की समज."

राजभंडारींनी खाली बघितलं. "आप लोगों के पास तो इतना बड़ा बिजलीघर है।"

"वो दिल्लीवालों का, साब. हमारे पास गोवऱ्या हैं."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. उतरले! कोट काढला, बाह्या सारल्या, आगटीशी वाकून गोवऱ्या नव्यानं रचायला लागले. फुंकर मारत पुटपुटले, "नदी हमारी, पहाड़ हमारा, और बिजली ये देंगे!"

"तेच ना, साब," खुशालराव म्हणाले. "देनेवाला बडा बन जाता. मांगनेवाला सगा बनता."

मग त्यांनी टेबलं हलवायला लावली. सगळ्यांना आगटीभोवती गोल बसवलं, ब्रह्मदेशाच्या साहेबांना लुंगी आवरत, सिलोनच्या साहेबांना बूट काढून. आणि नियम काढला. असा नियम वऱ्हाडात कुणी ऐकला नव्हता, मीही नाही.

"हमारे यहां अपने हात का हुरडा अपन नहीं खाते. बाजूवाले के वास्ते चोळना, और अपने वास्ते बाजूवाले से मांगना!"

दिल्लीच्या साहेबांना बसवलं होतं राजभंडारींच्या शेजारी. कणसं भाजून निघाली, तळहात पोळायला लागले, साहेब लोक हा-हू करत कोंडा फुंकू लागले. राजभंडारींनी कणीस चोळलं, हिरवेगार दाणे ओंजळीत धरले आणि थांबले. बघत राहिले. दिल्लीचे साहेब लाल झाले. पोटात कावळे ओरडत असणार! शेवटी त्यांनी हात पुढं केला.

"दीजिए, राजभंडारीजी।"

"क्या?"

"जो आपका है, उसमें से थोड़ा।"

राजभंडारी खदखदून हसले आणि ओंजळ रिकामी केली. मग यांनी चोळलं, त्यांनी मागितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर शिटीच वाजवली. जवसाची चटणी फिरली, सिलोनच्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हात पुढंच!

एवढ्यात राजभंडारींनी बोट दाखवलं. "और आप? आपके बाजू में कौन हैं?"

पाहतो तर गोल आवळता आवळता खुशालरावांच्या शेजारी बसले होते भगवंतराव! दोघांच्या ओंजळीत दाणे, दोघंही जमिनीकडे बघताहेत.

"वो इनके समधी, साब," मी चटकन सांगून टाकलं. "बोलचाल बंद है. बेटी अटक गई."

खुशालरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की आगटी गार वाटली.

"नियम तो आपका है," राजभंडारी म्हणाले. "माँगिए।"

सगळे देश खुशालरावांकडे वळले. ब्रह्मदेशसुद्धा चघळायचं थांबला. खुशालरावांनी आपले दाणे एका मुठीत घेतले. जन्मभर दुसऱ्यांना मागायला लावणाऱ्या माणसाचा हात पुढं आला.

"द्या, इवाई."

भगवंतरावांनी ओंजळ ओतली. "गरम हाये. फुकून खा." आणि घसा खाकरून, "गड्याच्या हाती बलावनं धाडलं, ते माह्यं चुकलं."

"मंग आता कोन येते तिले न्याले?"

"मी येतो. आत्ता येतो. उठा!"

साहेबांच्या जीपगाड्या विश्रामगृहाकडे जायला निघाल्या, त्यातली राजभंडारींची आमच्या गल्लीत वळली. भगवंतराव उतरले, उंबऱ्याशी उभे राहून स्वतः म्हणाले, "चाल बाई घरी." वच्छला ट्रंक घेऊन तयारच! जीपमध्ये मात्र जागा नव्हती. मला उतरवलं, तरीही नव्हती. शेवटी वच्छला सासऱ्याशेजारी, वसंत पायरीवर लोंबकळत, आणि ट्रंक राजभंडारींनी हात पुढं करून मांडीवर घेतलेली.

"साब, वजन होईन," खुशालराव म्हणाले.

"आपने माँगा नहीं," साहेब ट्रंकेवर हात ठेवत म्हणाले, "इसलिए मैंने ही माँग लिया।"

जीप मोर्णेकडे गेली. खुशालराव फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते. धूर गेला म्हणाले. आगटी बाळापूर रस्त्यावर, धूर जुन्या शहरात!