हातोदची आत्या

हातोदच्या आत्याआधी तिचा आवाज घरात शिरायचा. "काय भिया, जेवलात का सगळे?" भाजीवाली, डॉक्टर, गल्लीतलं मांजर, सगळे तिचे भिया, म्हणजे भाऊच.

मी तिसरीत असताना बाबांना बायपास रस्त्यावर अपघात झाला. आई दवाखान्यात राहू लागली आणि आत्या स्कूटीला दोन पिशव्या लटकावून आमच्या मल्हारगंजच्या घरी आली, मला आणि धाकट्या मनूला सांभाळायला. सगळे आम्हाला सांगत होते, बाबा कामासाठी भोपाळला गेलेत. पण सांगताना कुणी आमच्याकडे बघत नसे. मी मनूला चिमटे काढू लागले, अंथरूण ओलं करू लागले. शाळेत तर एका मुलीला चावले.

"घरी काही वळण नाही का हिला?" बाईंनी आत्याला बोलावून विचारलं.

"आहे हो मॅडमजी. सध्या पोरगी घाबरलीये. तुम्ही जरा सांभाळून घ्या." त्या मुलीची माफी मात्र तिनं मला तिथंच मागायला लावली.

परतताना तिनं कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, त्या जुन्या दगडी समाध्यांपाशी, स्कूटी थांबवली.

"ऐक. बाबा भोपाळला नाहीत. त्यांना ट्रकनं उडवलं. पाय मोडलाय, डोक्याला लागलंय. वाचतील, असं डॉक्टर म्हणतात."

"चालतील?"

"ते मला नाही माहीत, भिया. कळलं की आधी तुला सांगेन."

मी भोकाड पसरलं. तिनं गप्प केलं नाही. लोक थांबून बघू लागले तर म्हणाली, "बघू दे." मग कचोरी खाऊ घातली. त्या रात्री मी गाढ झोपले. अंथरूण मात्र पुढेही बरेच दिवस भिजायचं. ती गादी गच्चीवर वाळत टाकायची.

बाबा घरी आले ते डोकं भादरलेले, वाळलेले, वॉकर धरून. मनू दाराआड लपला. माझाही पाय पुढे पडेना. आत्यानं माझ्या हातात शेवेची वाटी दिली. "बाबांच्या पोह्यांवर घाल." मी घाईनं वाटी उपडी केली, तर अर्धी शेव त्यांच्या मांडीवर. बाबांनी ती वेचून खाल्ली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "और घाल ना, भिया!" दाराआडून मनू खिदळला.

आठवड्यानं आत्या निघाली. हातोदला तिचीही पोरं वाट बघत होती. मी धावत खाली गेले. "बाबा पडले तर?"

"पडतील. मग उचलायचं आणि मला फोन करायचा."

बाबा खरंच पडले, मोरीत. आई जागच्या जागी थिजली. मी एका बाजूनं धरलं, मनूनं दुसऱ्या, मग आईही धावली. बाबांना खुर्चीत बसवून मी हातोदला फोन लावला.

"उचललं?" आत्यानं विचारलं.

"हो."

"शाब्बास. आता रडून घे."

मी रडले. फोन तिनं ठेवला नाही.