लाडवाला कोण धरंल?

मुरबाडच्या स्टँडवर आईने एसटीच्या खिडकीतून माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं ठेवलं आणि शेजारी बसलेल्या बाईने लगेच रुमाल नाकाला लावला. मी तेरा वर्षांची होते. शहापूरच्या मुलींच्या वसतिगृहात आठवीसाठी निघाले होते. घर सोडताना रडू येतं असं सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. मला रडू आलं नाही, मळमळलं. गाठोड्यात मोहाच्या फुलांचे लाडू होते.

तुमच्यापैकी जे मागे गावातच राहिले त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. चैत्रात पहाटे मोहाची फुलं झाडाखाली गळून पडतात. ती वेचायची, सारवलेल्या अंगणात वाळवायची, मनुकांसारखी तपकिरी झाली की तव्यावर परतायची आणि भाजलेल्या तिळाबरोबर उखळात कुटून वळायची. आमच्या डोंगरातल्या पाड्यावर हाच सुकामेवा. चव गोड, पण वास असा की पोटात ढवळावं. ह्याच फुलांची दारू निघते, त्यामुळे तो वास कुणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. फुलं घेऊन एसटीत चढलं तर पोलीस धरतात, अशी आमच्याकडे सगळ्यांनाच भीती. आईने त्यावर आपला तोडगा काढला होता.

"फुलांना धरतील गो," ती खिडकीखाली उभी राहून म्हणाली. "लाडवाला कोण धरंल?"

ती लाडवासाठी कुटायला बसली की पदर नाकातोंडावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारायची आणि मान एका बाजूला वळवायची. तिळाचा भुसा उडतो म्हणून, असं मला वाटायचं. मी लहानपणापासून माझ्या वाटणीचा लाडू गुपचूप भावाला देत आले होते. उघड नको म्हणायची सोय नव्हती. कशालाही तोंड वाकडं केलं की आईचं एकच वाक्य यायचं, "अन्नाला थू म्हनू नये. अन्न पाठ फिरवतं."

वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी रेक्टरबाईंनी गाठोडं दोन बोटांनी उचललं आणि खोलीच्या मधोमध उभं राहून विचारलं, "हा दारूचा माल कुणाचा?" मी फरशीकडे बघत राहिले. गाठोडं उकिरड्यावर गेलं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

तानसाकडची वनिता नावाची एक मुलगी आमच्याच खोलीत होती. तिच्याही आईने तेच लाडू दिले होते. बाईंनी तिचं गाठोडं उचलून तेच विचारल्यावर ती म्हणाली, "माझे हायेत, माझ्या आयनं केलेत," आणि ट्रंकेवर बसून सगळ्यांच्या देखत तिने एक लाडू चावून चावून खाल्ला. त्या दिवसापासून सगळ्या मुली तिला दारूच्या मापावरून 'पावशेर' म्हणायला लागल्या. ते नाव मी ठेवलं होतं. वनिता, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर तुला एवढं कळू दे की मोहाच्या वासापेक्षा मला त्या नावाची जास्त शिसारी आहे.

महिन्याने आई भेटायला आली. पाड्यावरून मुरबाडपर्यंत जीप, तिथून एसटी, स्टँडपासून चालत. पायांना धूळ, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. फाटकाशी उभी राहून तिने पहिला प्रश्न विचारला, "गोड व्हतं का गो?"

"लय गोड," मी म्हणाले. "सगळ्या पोरींनी खाल्ले. मला दोनच मिळाले."

का म्हणाले कोण जाणे. खोटं बोलायचं तर निदान बेताचं बोलावं. पुढच्या महिन्यात ती दुप्पट लाडू घेऊन आली. मुलगी शिकतेय, चार पोरींमध्ये वाटून खातेय, म्हणून तिचा ऊर भरून आला होता. मी ते न्हाणीघरामागे डुकरांना टाकले. मग दर महिन्याला तेच. आई वळायची, मी टाकायची, आणि फाटकाशी "लय गोड" म्हणायची. तिथली डुकरं माझ्या पावलांचा आवाज ओळखायची.

दहावी झाली, बारावी झाली, मी ठाण्याला नर्सिंगला गेले. लाडू ठाण्यालाही आले. नंतर कामासाठी इंग्लंडला निघाले तेव्हा आईने स्टीलचा नवा डबा आणला, झाकणावर भांडीवाल्याकडून माझं नाव घालून घेतलं आणि तो शिगोशीग भरला. विमानतळावर बॅग उघडायला लावतील, दहा लोकांसमोर तो वास सुटेल, ह्या विचारानेच मला घाम फुटला. मी बायकांच्या संडासात जाऊन सगळा डबा कचऱ्याच्या टोपलीत ओतला. तिथे पुसायला उभी असलेली बाई टोपलीत वाकून बघत म्हणाली, "खराब झाले काय हो ताई?"

"हो," मी म्हणाले, आणि डबा नळाखाली धरला. साबणाने तीनदा घासला. वास गेला नाही.

आता इंग्लंडची गोष्ट. तुम्हाला वाटत असेल, तिथे लोणी आणि केक. आमच्या वॉर्डात हेल्दी खाण्याचं वेड शिरलं होतं. माझ्याबरोबर काम करणारी हेलन, मनाने अगदी चांगली बाई, एक दिवस ब्रेकला तपकिरी गोळ्यांचा डबा घेऊन आली. खजूर भिजवून वाटायचा, त्यात ओट्स, चिरलेले जर्दाळू आणि मनुका कालवायच्या, वळायचं आणि फ्रीजमध्ये टाकायचं. चूल नको, ओव्हन नको. "नो बेक!" ती कौतुकाने म्हणाली. मी एक गोळा तोंडात टाकला. ओला पुठ्ठा गुळात बुडवून चघळावा तसं लागलं. घास काही खाली जाईना. आणि तोंडातून काय निघालं? "लवली." इतक्या वर्षांची सवय.

वॉर्डात प्रत्येकीने काही ना काही करून आणायची पद्धत होती. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच केलं. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून मी खजूर वाटत होते आणि स्वतःवरच चरफडत होते. खजुराचा लगदा नखांत जाऊन बसतो. ओट्स ओले झाले की बुळबुळीत होतात. काळ्या मनुका बघितल्या की मला म्हशीच्या कानातले रक्ताने फुगलेले गोचीड आठवतात. गोळे वळून झाल्यावर ते ठेवायला हाताशी मापाचा एकच डबा होता, झाकणावर माझं नाव असलेला. सगळ्या म्हणाल्या, "लवली, परत आण हं." मी खुळी, पुढच्या खेपेला दुप्पट केले.

त्या दिवशी ब्रेक संपवून मी टिश्यू टाकायला कचऱ्याची टोपली उघडली. आत माझे गोळे होते. कुणी तसाच टाकलेला, कुणी नीट टिश्यूत गुंडाळून लपवलेला, एकाला तर फक्त एक चावा. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. संताप संताप झाला. आवडत नव्हतं तर सांगायचं होतं, तोंडावर गोड बोलून माझ्याकडून दुप्पट का करून घेतलं? हे मनातल्या मनात म्हणून झालं आणि मी टोपलीचं झाकण धरून तशीच उभी राहिले. आपण काय केलंय ते मला तेव्हा कळलं. त्याआधी आपण फार चलाख आहोत असंच मला वाटत होतं.

पुढच्या चैत्रात मी रजा घेऊन घरी आले. आईचे गुडघे सुजले होते. उठताना ती भिंतीला धरत होती. तरी पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जात होती, माझ्या डब्यासाठी. भाऊ म्हणाला, परवा उतारावर घसरली, पण ऐकत नाही, तुझे लाडू व्हायलाच पाहिजेत म्हणते. तिला थांबवायचं तर खरं सांगायला हवं होतं, आणि पंधरा वर्षांचं खोटं एकदम कसं सांगायचं? मी आडवाट काढली. बॅगेतून ओट्सचा पुडा काढला, मुरबाडच्या बाजारातून खजूर आणि मनुका आणल्या आणि म्हणाले, "आये, आता मोह नको. तिकडं सगळे हे खातात. तुला शिकवते."

पाट्यावर खजूर वाटला. आई माझ्यासमोर पाय पसरून बसली होती. मी कालवलं, वळलं, एक गोळा तिच्या हातावर ठेवला. तिने तो तोंडात घातला, दोनदा चावला, दाराकडे तोंड केलं आणि सरळ अंगणात थुंकली.

"थू! काय गो हे? म्हशीची आंबोन बरी."

आंबोण म्हणजे आम्ही म्हशीला पेंड आणि कोंडा भिजवून देतो ते. मी म्हणाले, "आये, तू अन्नाला थू म्हनलीस."

"हे कुठं अन्न हाय?" ती पदराने जीभ पुसत म्हणाली.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या हसण्यातच तोंडातून निघून गेलं, "आये, तुझे लाडू मी कदी खाल्लेच नाय."

"कदी म्हंजे?"

"कदीच नाय. शहापूरला डुकरांना टाकले. ठाण्याला टाकले. विमानतळावर कचऱ्यात वतले."

भाऊ उठून बाहेर गेला. आई बोटांना चिकटलेला खजूर खरवडत राहिली, एकेक बोट, सावकाश. "मंग लय गोड, लय गोड असं का सांगलंस?"

"तू येवढी लांबून चालत आली व्हतीस."

मग बोलली ती माझ्याकडे न बघता. "मला त्या वासाची वकारी येते. लग्न होऊन आले तवापासून. तुज्या बापाच्या दारात मोह व्हता, काय करनार, पदरी पडलं पवित्र झालं. तू शिकाला निघालीस तवा शेवटचं म्हनून वळलं. म्हटलं, सुटले आता येकदाची. तं तू म्हनालीस, लय गोड."

मला तिचा नाकावर बांधलेला पदर आठवला. वळवलेली मान आठवली. पंधरा वर्षं ती ओकारी दाबून वळत होती आणि मी ओकारी दाबून फेकत होते. एकीनेही एकदा थू म्हटलं असतं तर दोघी सुटलो असतो. मला त्या क्षणी आमच्या सगळ्या शहाण्या, गुणी, अन्नाला नावं न ठेवणाऱ्या घराचीच किळस आली.

आईने काही मला जवळबिवळ घेतलं नाही. तिचा राग खरा होता. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, भाकरीसुद्धा ताटात टाकली ती लांबून. उरलेले गोळे तिने कोंबड्यांपुढे फेकले. दुसऱ्या दिवशी मी जागी झाले तेव्हा उन्हं अंगणात आली होती आणि आई अजून गोधडीत होती. मोहाखाली फुलं पडली असतील, ती गुरांनी खाल्ली असतील. चैत्रातल्या सकाळी तिला झोपलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

निघताना डबा रिकामाच दिला तिने. म्हणाली, "तुला काय लागंल ते टाक त्यात. सुया, दोरे." डबा माझ्या फडताळात आहे. उघडला की अजून वास येतो आणि अजून मला मळमळतं. मोहाची गोडी मला कधी लागली नाही, आता लागणारही नाही. दूर गेल्यावर आईच्या हातचं सगळं गोड लागायला लागतं असं लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

तुम्ही मागे राहिलेले आम्हाला विचारता, तिकडे घरासारखं वाटतं का? इथे मला रोज दहा वेळा लवली म्हणावं लागतं. इथले लोक वाईट नाहीत, पण माझ्यासमोर अजून कुणी थुंकलेलं नाही.

रविवारी भावाच्या मोबाइलवर आईशी बोलते. ती विचारते, "आज काय खाल्लंस?" सकाळच्या शिफ्टला वेळ नसतो, म्हणून मी खरं तेच सांगते, "ओट्स."

"थू!" आई तिकडून म्हणते. आणि मी घरी पोचते.