बुधवारचे जड शब्द

बर्मिंगहॅममधल्या आमच्या भागातल्या लायब्ररीत दर बुधवारी दुपारी मी इंग्रजी शिकवते. फुकट. कौन्सिलच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर घरी बसून मुलीच्या सूचना ऐकण्यापेक्षा हे बरं, एवढाच त्यामागचा थोर विचार. गेल्या हिवाळ्यात एक पोलिश बाई माझ्यापुढे येऊन बसली. चाळिशीची. तिकडे नर्स होती, इथे एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायची. तिथेच सीनियर केअररची जागा निघणार होती. त्या कामात रोजच्या नोंदी लिहायच्या, नातेवाइकांना कळवायचं, म्हणून अर्जासोबत स्वतःबद्दल एक पान लिहून द्यायचं होतं. ती म्हणाली, "बोलता येतं मला. ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी हवी. मी अडाणी नाही हे त्यांना दिसलं पाहिजे."

हे शेवटचं वाक्य मला लगेच समजलं. माझे वडील रोज डिक्शनरीतले पाच शब्द माझ्याकडून पाठ करून घ्यायचे आणि जयंतीला वस्तीत पाहुणे आले की ते म्हणून दाखवायला लावायचे. जड शब्द वापरणाऱ्याला कुणी अरे-तुरे करत नाही, असं त्यांचं ठाम मत. मी तिला तेच औषध सुरू केलं. आठवड्याला वीस शब्द, कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला तिचं स्वतःचं वाक्य.

पहिल्याच महिन्यात माझा गोंधळ उडाला. जे शब्द घोकण्यात माझं बालपण गेलं, ते ही बाई नुसतं बघून ओळखायची. "कॉम्पिटन्स? आमच्याकडे कॉम्पेटेन्त्स्या," म्हणायची आणि कार्ड बाजूला ठेवायची. उलट 'पुट अप विथ', 'गेट अवे विथ' असलं काही आलं, जे माझी नात नर्सरीत असल्यापासून बोलते, की हिला घाम फुटायचा. मग अवघड काय आणि सोपं काय? मी तिला नक्की शिकवत होते तरी काय? विचार करून डोकं दुखायला लागलं, पण शिकवणं काही थांबवलं नाही.

चार महिन्यांनी तिचं पान तयार झालं. मी ते अभिमानानं मुलीला दाखवलं. ती वाचून म्हणाली, "आई, असं कोण लिहितं आता? हे पान एआयनी लिहिल्यासारखी वाटते."

"आधी तुझं मराठी नीट कर," मी म्हटलं आणि विषय संपवला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे कळायला पुढचा मंगळवार उजाडला.

त्या दुपारी ती पोलिश बाई माझ्या घरीच आली, कामाच्या ट्यूनिकमध्ये. केअर होमच्या मॅनेजरबाईंना संशय आला होता की हे पान मशीननं लिहिलंय. उद्या ऑफिसात, त्यांच्यासमोर, फोन बाजूला ठेवून नवीन पान लिहायचं. जमलं नाही तर अर्ज रद्द. "तुम्ही येता का माझ्याबरोबर?" ती म्हणाली. "त्यांना सांगा, कार्डं दाखवा. मी खोटी नाही."

कौन्सिलमधल्या पहिल्या वर्षी मी एक रिपोर्ट लिहिला होता, वडिलांचे सगळे शब्द घालून. साहेबांनी तो दोन बोटांत धरून विचारलं होतं, "हे तुला कुणी लिहून दिलं?" मीच लिहिलं म्हटल्यावर ते नुसते हसले. त्यानंतर तीस वर्षं मी ऑफिसात छोट्या शब्दांत लिहिलं. ते मोठे शब्द परत काढले ते थेट लायब्ररीत, दुसऱ्याच्या वहीत. हे सगळं तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्या मला डेंटिस्टकडे जायचंय." डेंटिस्ट गुरुवारी होता.

"बरं," ती म्हणाली.

"आणि हे बघ, उद्या साधं लिही. छोटे शब्द."

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "छोटे मला येत नाहीत. मोठे माझ्या घरचे आहेत. चार महिने तुम्हीच सांगत होता ना, वापर म्हणून?"

"हो, पण आता नको."

"का?"

"लोकांना आवडत नाही."

तिनं कार्डांना रबर बँड लावला, चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीत येणार नव्हती हे माहीत असूनही मी तिची खुर्ची ओढून ठेवली. स्वतःचा राग येत होता, आणि मी तिला बरोबर सांगितलं की चूक, हेही उमगत नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती वेळेवर आली. जागा मिळाली होती. मी घाईघाईनं विचारलं, "साधं लिहिलंस ना?"

"नाही. तेच सगळे शब्द लिहिले. मॅनेजर समोर बसून बघत होती. वाचून सॉरी म्हणाली." मग म्हणाली, "तिनं विचारलं, हे कुणी शिकवलं. मी म्हटलं, माझी मीच शिकले."

मला लागलं ते. चार महिन्यांचे बुधवार माझेही होते. "माझं नाव का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. आवाजात राग नव्हता. केअर होममधल्या म्हाताऱ्यांशी बोलत असेल तशी, हळू आणि सावकाश बोलली.

"तुम्ही घाबरला होता ना."