वर्तककाकांच्या सॅकचं बकल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझ्या बायकोला मी न सांगितलेल्या गोष्टीही ठाऊक असतात, म्हणजे बघा. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय झालं.

आधी एक छोटी थाप कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला धीर येईल. २००६ साली आम्ही अमेरिकेत शुगर लँडला राहत होतो, मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होतो. घरोघरचे पदार्थ आणून जेवायच्या एका पॉटलकला श्रीखंड जरा जास्त झालं आणि मी बोलून गेलो, की कॉलेजात मी एनसीसीचा नेमबाज होतो. खरं काय होतं? आयुष्यात एकदाच मला पाच गोळ्या मिळाल्या. माझ्या टार्गेटवर एकही भोक पडलं नाही. शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर मात्र पाच गोळ्यांत आठ भोकं पडली, आणि शिबिरासाठी त्याची निवड झाली.

ही थाप वर्तककाकांनी ऐकली. काका मूळचे वसईचे, सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेले, रिफायनरीतून निवृत्त झालेले. शर्ट कायम खोचलेला, पेन कायम खिशाला. या माणसाकडे बघून कुणाला वाटलं असतं का, की हा तीस वर्षं रँडी नावाच्या मित्राच्या रँचवर रानडुकरांच्या शिकारीला जातो? काकू घरात अंडंही शिजवू देत नसत. त्यामुळे काका शिकारीहून फक्त गोष्टी घेऊन यायचे.

त्या वर्षी काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. रायफल पट्ट्याने खांद्याला अडकवून चालणं बंद. ‘आता पुरे,’ असं काकूंनी जाहीर केलं. काकांनी मला घरी बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, ‘तू यातला माणूस आहेस. मला अशी सॅक निवडून दे, की रायफल पाठीवर बसेल आणि वजन कमरेवर येईल. नाहीतर ही काही मला सोडायची नाही.’

तेव्हाच सांगायला हवं होतं ना, की काका, मी यातला नाही? पण कुणी आपल्याला ‘तू यातला माणूस’ म्हटलं, की अंगावर मूठभर मांस चढतं. मी मान डोलावली.

मग सलग तीन शनिवार मी शिकारीच्या सामानाच्या एका अवाढव्य दुकानात, पेंढा भरलेल्या अस्वलांच्या सोबतीने काढले. एका सॅकला रायफलसाठी मधोमध लांब म्यान होतं – बाहेर काढेपर्यंत डुक्कर म्हातारं झालं असतं. दुसरीत रायफल एका बाजूला लटकायची, चालताना माणूस घागर कडेवर घेतल्यासारखा कलायचा. तिसरीला खाली दस्ता ठेवायला कापडी झोळी आणि वर नळी बांधायला बकलाचा पट्टा. ती घरी आणली, आत दहा पौंड तांदूळ भरले, झोळीत केरसुणी उभी केली आणि परसात फेऱ्या मारल्या. शेजारणीने पडदा ओढून घेतला.

सॅकच्या जोडीला काकांना चेस्ट रिगही हवी होती, म्हणजे छातीवर बांधायचे खिसे – काडतुसं, दुर्बीण वगैरेंसाठी. गळ्यात अडकवायची नाही, पाठीवर पट्ट्यांची फुली येणारी घ्यायची, म्हणजे मानेवर आणि त्या दुखऱ्या खांद्यावर ओढ बसत नाही, हे मी वाचून काढलं. आणि उगाच स्वतःसाठीही एक रिग बघताना – हसू नका – तिच्या खिशात माझा थालीपिठाचा डबा मावतो का, ते घरून डबा नेऊन पाहिलं. मावला नाही.

काकांना सॅक बेहद्द आवडली. दिवाणखान्यात तीन फेऱ्या मारून म्हणाले, ‘बघ, कळणाऱ्या माणसाकडे काम दिलं की असं होतं.’ काकूंनी नाइलाजाने हो म्हटलं, पण अट घातली – हा बरोबर जाणार असेल तरच. म्हणजे मी. रखवालदार!

रँचवर काकांचा नियम एकच होता. खाणं बरोबर न्यायचं नाही. डुकराचं नाक फार तिखट, वास आला की कळप मैलभर लांब पळतो. मी ‘अर्थातच’ म्हणालो. आणि डबा काकांच्याच सॅकच्या तळाच्या कप्प्यात सरकवला. हो, त्यांच्याच. माझ्याकडे सॅक कुठे होती?

तासभर चालल्यावर एका ओकखाली थांबलो. काकांनी सॅक झाडाला टेकवली आणि ते रँडीबरोबर पुढे ठसे बघायला गेले. मला भूक लागली होती. आता इथे मला हळूहळू बोलू द्या.

तो कप्पा होता झोळीच्या मागे. रायफल पुढे कलती केल्याशिवाय उघडत नव्हता. मी बकल सोडलं. रायफल कलती केली, डबा काढला, दीड थालीपीठ खाल्लं, लसणाच्या चटणीसकट. पावलं वाजली. मी डबा आत कोंबला, रायफल सरळ केली, पण तेलकट बोटांनी बकल काही बसेना. मग पट्ट्याचं टोक मागे नुसतं खोचलं – लावल्यासारखं दिसावं म्हणून. वाटलं, चालता चालता लावू.

मी काकांच्या मागेच चालत होतो. बकल माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. लावलं का? हात पुढे केला की बोटांचा लसणीचा वास माझ्याच नाकात यायचा. मला आला, तर काकांना येणार नाही? मी हात मागे घ्यायचो. असं वीस मिनिटं.

ओढा ओलांडताना काका वाकले आणि रायफल त्यांच्या डोक्यावरून सरळ दगडांवर गेली. ती रिकामी होती, चालताना काका कधीच गोळी भरून ठेवत नसत, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. रायफलवरच्या दुर्बिणीची काच फुटली, दस्त्याला चीर गेली. रँडी म्हणाला, ‘इट हॅपन्स, बडी.’ काका स्वतःच्या हातांकडे बघत होते. मग मला विचारलं, ‘मी बकल लावलं नव्हतं का रे?’

त्यांनी लावलं होतं. मी पाहिलं होतं. मी म्हणालो, ‘असेल राहिलं, काका. होतं असं.’

एवढंच वाक्य. त्याच्यानंतर सॅक माझ्या पाठीवर घेतली, डबा गुपचूप काढला आणि घरी धुऊन टाकला.

काकांनी रायफल रँडीला देऊन टाकली. काकूंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या, सगळं उत्तम निघालं. काका म्हणाले, सुरुवातीला डॉक्टरांनाही पत्ता लागत नाही. मग ते गॅस दोनदा बघायला लागले, कुलूप तीनदा. एक दिवस गाडीच्या किल्ल्या त्यांनी काकूंच्या हातात ठेवल्या – ‘हायवेवर माझ्याकडून काही राहून गेलं तर?’ काकूंना ड्रायव्हिंग येत नव्हतं. शुगर लँडमध्ये गाडी नसलेला माणूस म्हणजे घरात कोंडलेला माणूस. मी त्यांना लायब्ररीत न्यायचो, भाजीला न्यायचो, देवळात न्यायचो. सगळे म्हणायचे, पोटच्या मुलाने केलं नसतं इतकं करतो. मीही ते ऐकून घ्यायचो. वर ‘त्यात काय एवढं’ असंही म्हणायचो! किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं, ते मोजलेलं नाही.

२००८ साली त्यांनी घर विकलं आणि मुलीकडे मिशिगनला निघाले. आयुष्यभर ज्या थंडीला नावं ठेवली, त्या थंडीत. विमानतळावर अर्थात मीच सोडलं. काकू मागे बसल्या, काका माझ्या शेजारी. त्यांनी सीटबेल्ट ओढला, लावला, दोनदा खेचून पाहिला. तरी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘लागलाय ना रे? तू एकदा बघ. माझा काही भरवसा नाही.’

मी वाकून बघितलं. म्हणालो, ‘लागलाय, काका.’ आणि गाडी सुरू केली.