फॉर्मल, कॅज्युअल आणि आमचं ठेवणीतलं

वर्धा स्टेशनावर बाबा मला सोडायला आले ते कोट घालून. महिना मेचा. वर्ध्याचा मे ज्यांनी भोगला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फलाटावरचे हमालसुद्धा नळाखाली डोकं धरून बसले होते, आणि बाबा करड्या कोटात, टाय लावून, घामानं निथळत उभे. पाटबंधारे खात्यातल्या एका साध्या कारकुनाला कोट घालायला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या माणसानं विचारलंच, "नवरदेवाचे वडील काय?" आई वैतागून म्हणाली, "काढा ना तो कोट, लोक हसून राहिले." बाबा हलले नाहीत. म्हणाले, "ऊन सगळ्यांना सारखंच लागते. लोकं सारखे पाहत नाहीत."

गाडी सुटेपर्यंत ते तसेच उभे होते. मला तेव्हा त्यांची थोडी लाज वाटली आणि बरीच दया आली.

तुम्हा वर्धेकरांपैकी जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे दिल्लीला आले, त्या दोघांनाही हे लिहिते आहे. देश उघडला, देश उघडला असं सगळे म्हणत होते त्या काळातली ही गोष्ट. दिल्लीनं तुला काय दिलं, असं मला अजून विचारतात. खरं सांगू? दिल्लीनं मला कपड्यांची इंग्रजी नावं दिली. बाकी जे काही आहे ते मी घरून आणलं होतं.

सुरुवातीला मुनिरकात राहिले. तिघींत एक खोली, आणि खिडकी अशी की हात बाहेर काढला तर समोरच्यांच्या भिंतीला लागावा. सकाळी कंपनीची गाडी यायची आणि गुडगावला न्यायची. तेव्हा गुडगाव म्हणजे मोहरीची शेतं, डबक्यात बसलेल्या म्हशी आणि त्यांच्या मधोमध आमची काचेची इमारत. परदेशातल्या कंपन्यांचे हिशेब आम्ही इथे बसून करायचो. इमारतीत संगमरवराचं टॉयलेट होतं, पण पाणी टँकरचं. वातानुकूलन होतं, पण वीज जनरेटरची. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते मी तिथे रोज बघत होते. या पोकळ वाशात आत जायचं तर मात्र ड्रेस कोड होता.

तो कोड पहिल्याच आठवड्यात ईमेलनं आला. फॉर्मल, सेमी-फॉर्मल, बिझनेस कॅज्युअल, स्मार्ट कॅज्युअल, आणि शुक्रवारी नुसतं कॅज्युअल. आमच्या घरी कपड्यांची वर्गवारी सोपी होती. घरातले, बाहेरचे आणि ठेवणीतले. बाहेरचे इस्त्रीचे, ठेवणीतले ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून. एवढ्यात आमच्या तीन माणसांचं सगळं आयुष्य नीट बसलं होतं. इथे पदवीधर माणसं कॉफीच्या मशीनपाशी उभी राहून गंभीर चेहऱ्यानं चर्चा करत होती की बिनकॉलरचा टी-शर्ट स्मार्ट कॅज्युअलमध्ये मोडतो की नुसत्या कॅज्युअलमध्ये. जगात एवढंच कोडं सुटायचं राहिलं होतं.

मी लवकर शिकले. सेमी-फॉर्मल म्हणजे टाय नाही, पण ती नसल्याचा अभिमान चेहऱ्यावर हवा. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे गबाळं दिसायचं, पण महागात. बिझनेस कॅज्युअलचा अर्थ ज्यानं ईमेल लिहिलं त्यालाही सांगता आला नाही.

माझा साहेब विक्रम. साहेब म्हटलेलं त्याला चालायचं नाही. "कॉल मी विकी" म्हणायचा. माझं नाव संघमित्रा. ते त्याला दोन दिवस जमलं नाही, तिसऱ्या दिवशी त्यानं माझी सॅम करून टाकली. बापाचा बंगला वसंत विहारमध्ये, शाळा डोंगरातली, आणि शुक्रवारी अंगात दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली जीन्स. ती तशीच विकत घेतलेली असते हे मला आधी खरंच वाटेना. माझी आई फाटक्याला इतका बारीक रफू करायची की शोधूनही सापडू नये, आणि इथे भोकं पाडून देणाऱ्याला हे लोक पैसे मोजत होते. फाटकं घालायची हौस त्यालाच असते ज्याच्या घरात कुणाला कधी फाटकं घालावं लागलं नाही. मी शुक्रवारीही इस्त्रीचा कुर्ता नाहीतर शर्ट-पँट घालून जायची. विकी सगळ्यांसमोर म्हणायचा, "यार सॅम, तू रोज इंटरव्यू देने क्यों आती है?" सगळे हसायचे. मीही हसायची, कारण पगार वेळेवर होत होता.

एवढं होऊनही काम मला येत होतं. आमच्या गटातली सगळ्यात अवघड खाती माझ्याकडे होती, आणि नवा गट तयार होणार, त्याला टीम लीडर नेमणार, हे ठरलं तेव्हा माझं नाव पुढे होतं. मला ते पद हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. मुनिरका सोडून स्वतःचं घर करता आलं असतं, आई-बाबांना आणता आलं असतं. विकीनं बोलावून सांगितलं, काम बढिया आहे, पण लीडर अप्रोचेबल हवा, तू फार ताठ असतेस. दिवाळीच्या आधी क्लायंट येणार आहेत, तेव्हा एथनिक डे आहे, त्या दिवशी जरा खुलून ये, बाकी मी बघतो.

एथनिक! हा शब्द कोडमध्ये नव्हता, तो सणासुदीला बाहेर काढायचे. वर्षभर ज्यांना स्वतःच्या आजीच्या पोशाखाची शरम वाटायची ते त्या दिवशी तो भाड्यानं आणत. एचआरमधल्या शिवानीनं प्रत्येकाला एकेक राज्य वाटून दिलं होतं. माझ्यासाठी तिनं मासिकातला फोटो कापून ठेवला होता. नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर घडा, आणि साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. "देख, कितना क्यूट है! तुम लोगों का तो यही होता है ना?" मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

एसटीडी बूथवरून आईला फोन केला. आपल्याकडे नऊवारी आहे का, नथ कुठे मिळेल, असं घाईघाईनं विचारलं. आईला आधी कळेना, आणि कळल्यावर ती हसली. "नथ? आपल्या घरात नथ पाह्यली का तू कधी?" मग मी तिला फोटोचं सांगितलं, साडी कुठपर्यंत आहे ते सांगितलं.

तुमच्यातल्या आमच्या वस्तीबाहेरच्यांना हे कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. आम्ही बौद्ध होण्याआधीची गोष्ट. माझ्या आजीला तिच्या गावात लुगडं पोटरीच्या वरच नेसावं लागायचं. ते घोट्याला टेकलं तर हटकायचे, प्रसंगी मारायचे. हातात आणि गळ्यात कथलाचे जाडजूड दागिने, लांबून जात ओळखू यावी म्हणून. एकदा आजी आपल्या लोकांच्या सभेला गेली. बायकांनी नीटनेटकं राहावं, लुगडं घोट्यापर्यंत नेसावं, हे दागिने टाकून द्यावेत, असं तिथे सांगितलं. आजी घरी आली, दागिने नदीत टाकले आणि दुसऱ्या सकाळी लुगडं खाली सोडून पाण्याला निघाली. आजोबा काठी घेऊन मागे चालले होते. पुढे तिला काय काय ऐकावं लागलं आणि सोसावं लागलं ते आई मला पूर्ण कधीच सांगत नाही. पण लुगडं परत वर गेलं नाही.

आई फोनवर एवढंच म्हणाली, "तिनं खाली सोडलं ते तू वर खोचशील का? पाह्य बाई तुझं तू. पोस्ट मोठी आहे म्हणतेस."

बूथबाहेर लोक ताटकळले होते, म्हणून मी फोन ठेवला. चालत खोलीवर आले. सरळ सांगते, मला संताप आला होता. विकीचा, शिवानीचा, त्या मासिकाचा. यांना परंपरा म्हणजे कपाटातला एक खण वाटतो, उघडला की आत रेशीमच असणार. आमची परंपरा म्हणून जे काही होतं ते दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं, आणि आम्ही ते नदीत टाकून मोकळे झालो होतो. त्यानंतर जे नेसलो ते आमचं. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमची सगळी वस्ती पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाहेर पडते. आई त्या दिवसासाठी सुती पांढरी साडी, निळ्या काठाची, खळ घालून ठेवते. तशीच एक तिनं माझ्या बॅगेत घातली होती. मी ती काढली आणि गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे दिली.

एथनिक डेला रिसेप्शनवर झेंडूच्या माळा, रंगांची रांगोळी, समईऐवजी विजेचे दिवे. पगड्या आणि घागरे घालून सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. जनकपुरीत जन्मलेला रोहन राजस्थानी झाला होता आणि मिशी सारखी दाबून बसवत होता. मी आत आले तशी शिवानी धावत आली आणि तिनं माझा हात धरला. चेहरा पडलेला. "व्हाइट? दिवाली पे? घर में सब ठीक है ना? कोई एक्सपायर हो गया क्या?"

तिची चूक नव्हती म्हणा. दिल्लीत पांढरं म्हणजे विधवेचं नाहीतर तेराव्याचं. मी म्हटलं, "कोई नहीं मरा. हमारे यहाँ सबसे बड़े दिन पे यही पहनते हैं."

"पर वो नऊवारी..."

"वो हमने छोड़ दी."

तिला त्यातलं काही कळलं नाही. मी समजावलंही नाही. ज्यांना टी-शर्टच्या कॉलरवर तास घालवता येतो त्यांना यासाठी वेळ नसतो.

क्लायंट आले, गोरी माणसं कुर्ते घालून घामाघूम झाली, सगळ्यांच्या कपाळाला टिळे लागले. मग ग्रुप फोटो. विकी शेरवानीत होता. माझ्याकडे बघून त्याचं तोंड कडू झालं, पण हसून म्हणाला, "सॅम, यार, तू ज़रा पीछे हो जा. आगे थोड़ा कलर चाहिए."

मी आधीच पुढच्या रांगेत, मधोमध उभी होते. हलले नाही. म्हटलं, "विकी, ये पीछे खड़े होने के कपड़े नहीं हैं."

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. फोटोवाल्याला घाई होती, त्यानं क्लिक केलं.

टीम लीडर रोहन झाला. क्लायंटला तू जरा रिजिड वाटलीस, असं विकीनं मला कळवलं, तेही शुक्रवारी, फाटक्या जीन्समध्ये. दुःख झालं. त्या पदाच्या जिवावर मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते. रात्रभर रडले आणि सोमवारी कामाला गेले, कारण आमच्याकडे रुसून बसायची सोय कधीच नव्हती.

बाबांना फोन करायला मला धीर होईना. शेवटी केला, सगळं सांगितलं. पद गेलं हेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "फोटोत कुठं उभी होतीस?"

"मधे."

"पुढच्या रांगेत?"

"हो, बाबा."

"मंग त्याची एक कॉपी पाठवून दे."

पुढे ती कंपनी सोडली, दुसरीकडे लागले, पदं मिळाली, लग्न झालं, गुडगावातच घर झालं. मोहरीची शेतं गेली, म्हशी गेल्या, विकी मात्र सगळीकडे आहेत. आता म्हाताऱ्या विकींचीही जीन्स फाटकी असते. माझ्या मुलीला ठेवणीतले म्हणजे काय ते माहीत नाही, ती म्हणते, "मम्मा, वो ट्रंक वाले?" सांगायचं तर तेही बरोबरच आहे.

घर म्हणजे काय, हा प्रश्न तुम्ही दर पत्रात घालता. वर्ध्याला मी वर्षातून एकदा येते आणि तिथे मला पाहुणी म्हणून चहा देतात. हे गुडगाव मला कधी आवडलं नाही आणि यापुढेही आवडायचं नाही. पण आमच्या टॉवरमध्ये आता लातूरची एक डॉक्टर आहे, अकोल्याची बँकेतली एक आहे, वरती चंद्रपूरचं एक कुटुंब आहे. जयंतीच्या सकाळी आम्ही सगळ्या खाली निघतो तेव्हा लिफ्ट पांढऱ्या साड्यांनी भरून जाते, खळीचा वास सुटतो. यंदा सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि मिसेस खन्ना आत आल्या, नाइटीवर ओढणी टाकून, कुत्र्याला घेऊन. आमच्यातल्या एकेकीला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग त्यांनी हळूच ओढणी सारखी केली, केसांवरून हात फिरवला आणि कोपऱ्यात सरकून आम्हाला जागा करून दिली.